पेट्रोल खाणारी लाट

बरेच दिवस इथे फिरकलो नाही, त्याला कारण एक होडी.

गणपतीला गावी गेलो होतो, दाभोळ खाडीच्या काठी. थोरल्या भावाचा मुलगा तिथे अजून मासेमारी करतो. फायबरची होडी, मागे दहा घोड्यांचं टू-स्ट्रोक मशीन. आरती आटोपल्यावर हळूच म्हणाला, "काका, मशीन नुसतं पेट्रोल पितंय. सोसायटीचं कर्ज काढून पंधराचं घेतो म्हणतो. जामीन राहाल?" जामिनाचं नाव निघालं की मास्तर माणूस अभ्यासाला बसतो! माझा विषय इतिहास, मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणून इतिहासातूनच शिरलो आणि थेट विल्यम फ्राउड या इंग्रज गृहस्थाकडे पोचलो.

हा मूळचा रेल्वेचा इंजिनिअर, ब्रुनेलच्या हाताखाली काम केलेला. 1867 मध्ये त्याने होड्यांच्या दोन तऱ्हेच्या प्रतिकृती केल्या. एकीचं नाव 'रेव्हन', ती टोकांना अणकुचीदार. दुसरी 'स्वान', टोकांना गोलसर. डार्ट नदीत वाफेच्या लाँचला दोन बाजूंना बांधून त्या ओढल्या. जाणकार म्हणत, धारदार तीच उत्तम. निघालं काय, तर कमी वेगाला एक सरस आणि वेग वाढवला की दुसरी. सगळीकडे सरस अशी होडी नाहीच! पुढे आरमाराच्या पैशातून त्याने टॉर्कीला लांबलचक हौद बांधला आणि 1872 पासून त्यात मेणाच्या होड्या ओढून मापं घेतली. (पॅराफिनचं मेण, म्हणजे तेही खनिज तेलाच्याच घराण्यातलं.)

त्याने विरोधाचे दोन भाग पाडले. एक, पाणी तळाला घासतं तो. दुसरा, होडी जी लाट उठवते तिचा. खरी गंमत या दुसऱ्यात आहे. लाट जितकी लांब तितकी ती जोरात धावते. होडी वेग घेते तशी तिची लाटही लांबत जाते आणि एका वेगाला लाटेची लांबी होडीएवढी होते. मग नाळ एका लाटेवर, पिछाडी दुसरीवर आणि होडी मधल्या खळग्यात. त्यापुढे जायचं तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. हिशोब सोपा आहे. पाण्यात टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. पुतण्याची होडी पाण्यात वीस फूट, म्हणजे सहा नॉट. त्याच्यापुढचं बरंचसं पेट्रोल लाटा करण्यात जातं. मशीन पंधराचं लावलं तर लाट मोठी होणार, एवढंच.

रिकामी हलकी होडी आणि ताकदवान मशीन असेल तर ती चढ ओलांडून पाण्यावर उठते आणि सरपटत जाते, ते वेगळं प्रकरण. पण जाळी, बर्फ, तीन माणसं भरलेली होडी कसली उठतेय!

मशीनचा दोष अगदीच नाही असं नाही. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने 1909 मध्ये होडीच्या पाठीला अडकवायचं मशीन बाजारात आणलं. तळ्यातून वल्हवत आणेपर्यंत आईस्क्रीम वितळलं म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. खरंखोटं तोच जाणे. पुढे टू-स्ट्रोकच सगळीकडे पसरलं, कारण हलकं, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. पण त्यात जळालेला धूर बाहेर पडायची वाट उघडी असतानाच ताजं इंधन आत येतं आणि त्यातलं काही न जळताच निघून जातं. कार्ब्युरेटरच्या जुन्या मशीनमध्ये हे वाया जाणं पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. धक्क्यावर पाण्याला इंद्रधनुष्यी तवंग दिसतो तो हाच. अमेरिकेत टाहो तलावावर 1999 मध्ये अशा मशीनना बंदी झाली. होंडाने फोर-स्ट्रोक 1964 मध्येच काढलं होतं, पण ते जड आणि महाग. आमच्याकडे अजून पहिलाच पर्याय खिशाला परवडतो.

दिवाळीत पुन्हा गेलो. आधी होडी वाळूवर ओढून तळाचं शेवाळ खरवडलं. मग दोन दिवस पेट्रोल मोजून भरलं. पहिल्या दिवशी मूठ पूर्ण पिळून: जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, नऊ लिटर. दुसऱ्या दिवशी साडेपाच नॉटवर, पुढच्या माणसाला नाळेकडे बसवून: सहा लिटर. वेळ अर्धा तास जास्त. तीन लिटर म्हणजे आजच्या भावाने तीनशेच्या वर रुपये, तेही रोजचे. मी शाळेत निकाल वाचावा तसा आकडा वाचला.

पुतण्या म्हणाला, "काका, तो अर्धा तास तुमच्या हिशोबात कुठे धरलात?" धक्क्यावर लिलाव सुरू झाला की पहिल्या दोन-तीन होड्यांना भाव मिळतो. मागून येणाऱ्याचे बांगडे तेच, पैसे कमी. मी गप्प. फ्राउडच्या हौदात लिलाव नव्हता.

मग दोघांनी मिळून ठरवलं. जाताना घाई नाही, म्हणून सावकाश जायचं आणि शक्यतो सुकतीवर निघायचं, म्हणजे खाडीचं पाणीच बाहेर ओढून नेईल. येताना जाळ्यात काय आहे ते बघून मूठ पिळायची. पंधराचं मशीन तूर्त रहित, जामीनही रहित.

आमचे वडील पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर शीड फुगवून परत येत. तीस वर्षं मी मुलांना हे दोन वारे फळ्यावर बाण काढून शिकवले, पण त्यांच्याकडे पेट्रोलचा हिशोब म्हणून कधी पाहिलं नाही. वडिलांचं ते शीड आहे का अजून, म्हणून वहिनीला विचारलं. म्हणाली, "आहे की, पावसाळ्यात लाकडांवर घालतो."