उर्दूकडून मराठीकडे : पोलीस कारवाईनंतरची मराठवाड्यातील शाळा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी भारत सरकारच्या ‘पोलीस कारवाई’पुढे हैदराबादच्या निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील राजवट बदलली; परंतु राजवट उलथण्यास जेथे अवघे पाच दिवस पुरले, तेथे शाळेची भाषा बदलण्यास कित्येक वर्षे लागली.

हैदराबाद संस्थानातील शिक्षणाची उतरंड उर्दू नावांनीच ओळखली जात असे. प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, माध्यमिक शिक्षणाचा खालचा टप्पा म्हणजे वुस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. तहतानियात मातृभाषेला काही जागा असे; मात्र त्यापुढे इतिहास, भूगोल, गणित हे सारे विषय उर्दूतूनच शिकावे लागत, त्यामुळे घरी, शेतात आणि कीर्तनात मराठी बोलणारा मुलगा भूमितीच्या तासाला त्रिकोणाला मुसल्लस आणि कोनाला जाविया म्हणत असे. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रांचे ग्रंथ मोठ्या परिश्रमाने उर्दूत आणून भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे दाखवून दिले, ही कामगिरी निर्विवाद मोठी होती. तथापि ज्या रयतेच्या सारावसुलीवर ती उभी राहिली, तिच्यातील बहुसंख्यांची भाषा उर्दू नव्हती, आणि याच विसंगतीने खेड्यातील शाळा गावाला परकी ठेवली.

म्हणूनच मुक्तीनंतरच्या शालेय पुनर्रचनेचा उगम सरकारी आदेशांत शोधणे अपुरे ठरते. औरंगाबादेतील सरस्वती भुवन १९१५ पासून, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ पासून, आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या खासगी संस्थांनी संस्थानी निर्बंध सोसून वेगळ्या शिक्षणाची परंपरा जपली होती. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा व अंबाजोगाई या दोन्ही ठिकाणी मुख्याध्यापक होते आणि पुढे तेच निजामाविरुद्धच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे नेते झाले, हा योगायोग नव्हे. या प्रदेशात राजकीय कार्यकर्ता बहुधा शाळेतूनच घडत गेला. ‘वंदे मातरम्’ गाण्याच्या हक्कासाठी झालेल्या १९३८ च्या चळवळीत वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, त्यामुळे मराठवाड्याबाहेरच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध जुळला.

माध्यम बदलताना खरी अडचण शिक्षकांची होती. मराठीतील पुस्तके शेजारच्या मराठी मुलखातून आणता येत होती, पण जे शिक्षक हाताशी होते त्यांतील अनेकांचे स्वतःचे शिक्षण उर्दूतून झालेले असल्याने त्यांना विषय येत असूनही त्याची मराठी परिभाषा नव्याने आत्मसात करावी लागली. दिवसा फळ्यावर तोच सिद्धांत वेगळ्या शब्दांत मांडण्यासाठी आदल्या रात्री पुस्तक उघडून बसणारा शिक्षक, हा या स्थित्यंतराचा सर्वांत कमी गौरवला गेलेला कर्ता होय.

या बदलाची दुसरी बाजूही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद व नांदेडसह अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर अत्याचार झाले, ज्यांची चौकशी केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली. आणि ज्या उर्दू शिक्षणाला काल राजमान्यता होती ते घेतलेल्या तरुणांना नोकरीच्या बाजारात त्याचे मोल एकाएकी उरले नाही. मुक्तीचा इतिहास लिहिताना हे वगळणे अन्यायाचे ठरेल.

नव्या संस्था मात्र झपाट्याने उभ्या राहिल्या. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले आणि शतकानुशतके शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या दलित समाजातील पहिल्या पिढीला त्याने पदवीपर्यंत नेले. त्याच वर्षी नांदेडात पीपल्स कॉलेज सुरू झाले. या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले तरुण गावोगावच्या शाळांत शिक्षक म्हणून रुजू झाल्यावरच तेथील मराठी अध्यापनाला बळ आले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळांचा कारभार नव्याने निर्माण झालेल्या जिल्हा परिषदांकडे गेला. त्यानंतर गुरुजींची बदली, शाळेची खोली आणि पटावरील मुलांची संख्या हे विषय गावच्या निवडून दिलेल्या माणसांपुढे मांडता येऊ लागले. याच जिल्हा परिषदांनी मराठी शाळांबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही चालवल्या, आणि मराठवाड्यात त्या आजही सुरू आहेत.