वऱ्हाडचे रकाने आणि त्यांची नावे

आकड्यांचा मोठा तक्ता संगणकावर उघडला की पहिले काम असते ते नको असलेले रकाने बाजूला सारण्याचे. शंभराच्या आसपास असलेल्या रकान्यांतून हवे ते मोजके उचलायचे, तर एकेक नाव लिहीत बसण्यापेक्षा नावांचा ढाचा सांगणे सोपे पडते: अमुक अक्षरांनी सुरुवात, तमुक अक्षराने शेवट, मधे काहीही चालेल. अशा ढाच्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अमेरिकी गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात या कल्पनेचा पाया घातला, केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्या आधारे मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आज आर किंवा पायथन या संगणकभाषा वापरणारा विद्यार्थी ती एका ओळीत वापरतो. त्यामुळे ही सगळी करामत ढाचा लिहिणाऱ्याची आहे असा समज होतो. वऱ्हाडच्या जुन्या-नव्या तक्त्यांकडे पाहिले की हा समज टिकत नाही. निवड बरोबर येते की चुकीची, हे बरेचसे रकान्याला नाव देणाऱ्याने आधीच ठरवलेले असते; आणि ते नाव कोणी, कधी, कशासाठी दिले हे ठाऊक नसेल तर अचूक लिहिलेला ढाचाही खोटे उत्तर देतो.

खुणेवरून निवड करण्याची रीत संगणकाच्या फार आधीची आहे. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानभर चिठ्ठ्यांची पद्धत स्वीकारली गेली. प्रगणकाने भरलेल्या यादीवरून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी तयार व्हायची. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळायचा आणि तिच्यावरच्या खुणेवरून स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित हे कळायचे. कारकून चिठ्ठ्या वेगवेगळ्या करायचे आणि मोजायचे. अर्देशीर दिनशाजी चिनॉय यांनी सिद्ध केलेला वऱ्हाडचा १९०१चा अहवाल अशाच मोजणीवर उभा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर वऱ्हाडची लोकसंख्या १८९१च्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांपर्यंत खाली आली, हे भीषण सत्य त्या रंगीत कागदांच्या ढिगांतून हाती लागले. कोणी म्हणेल, चिठ्ठी म्हणजे एक माणूस, रकाना नव्हे; ही तुलना बसत नाही. पण छापील तक्त्यातला प्रत्येक रकाना अशा एखाद्या ढिगाचीच बेरीज असतो. ढीग कोणत्या खुणेने वेगळा केला, तेच रकान्याच्या डोक्यावर नाव म्हणून चढते.

२०११च्या जनगणनेच्या प्राथमिक सारांशात ही परंपरा स्पष्ट दिसते. मुख्य काम करणाऱ्यांच्या रकान्यांची इंग्रजी नावे 'मेन'ने सुरू होतात. पुढे शेतकऱ्यांसाठी 'सीएल', शेतमजुरांसाठी 'एएल', घरगुती उद्योगासाठी 'एचएच' आणि इतरांसाठी 'ओटी'. शेवटी एकूण व्यक्तींसाठी 'पी', पुरुषांसाठी 'एम', स्त्रियांसाठी 'एफ'. मधले दुवे अधोरेषेने जोडलेले. वऱ्हाडात कपाशीचे निंदण आणि वेचणी मुख्यतः बायकांच्या हातची, तेव्हा इथल्या अभ्यासकाला स्त्रियांचे रकाने हवेच असतात. त्याने 'मेन'ने सुरू होणारे आणि 'एफ'ने संपणारे रकाने मागितले, तर पाच येतात. त्यांची बेरीज केली की अमरावती जिल्ह्यात मुख्य काम करणाऱ्या स्त्रिया खऱ्यापेक्षा बरोबर दुप्पट निघतात! कारण पाचवा रकाना 'मेनवर्क'चा, म्हणजे उरलेल्या चारांची आयती बेरीज. 'मेन'पुढे अधोरेषा असलीच पाहिजे, एवढी अट घातली की तो गळतो आणि चारच उरतात. ढाच्यात व्याकरणाची चूक एकदाही नव्हती. बेरजेच्या रकान्यालाही घटकांच्याच नावाचा आरंभ देण्याचा निर्णय जनगणना कार्यालयाचा, आणि तो माहीत असणे ही निवडणाऱ्याची जबाबदारी.

नावांचा हा ताण जिल्ह्यांच्या बाबतीत आणखी वाढतो. वर्षांचा मोठा पल्ला घेऊन प्रत्येक जिल्ह्याला एक रकाना दिला, की अमरावती इंग्रजीत कधी 'ओ' घालून तर कधी 'व्हीए' घालून लिहिलेली सापडते. 'ओ किंवा व्हीए' असा पर्याय ढाच्यात घालणे सोपे आहे, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खरी अडचण पुढे आहे. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, अमरावतीत मिळाले. मूर्तिजापूर अमरावतीतून अकोल्यात गेले. खामगाव आणि जळगाव (म्हणजे जळगाव जामोद) अकोल्यातून बुलढाण्यात गेले. बासीम, म्हणजे वाशीम, जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ अकोल्याला, तर पुसद यवतमाळला जोडले. म्हणजे १९०१चे अकोला आणि १९११चे अकोला यांत अकोला, अकोट, बाळापूर एवढेच तीन तालुके सामाईक राहिले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. 'अकोला' या नावावर सगळी वर्षे एका रांगेत आणली तर लोकसंख्येत जे चढउतार दिसतील, त्यांतले काही माणसांचे नसून सरहद्दींचे असतील. भरीस भर म्हणजे नगर जिल्ह्यातला अकोले तालुका जुन्या गॅझेटियरांत 'अकोला' असाच छापला आहे, त्यामुळे मुंबई इलाख्याचे तक्ते जोडताना तोही हळूच आत शिरतो.

कापसाच्या व्यापारात तर अमरावतीचे नाव अमरावतीच्या हातून निसटून गेले. शहराच्या 'उमरावती' या उच्चारावरून मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' हे मालाचे नाव पडले. पुढे कापसाच्या पिकाच्या सरकारी अंदाजांत 'ऊमरा'खाली वऱ्हाड आणि मध्य प्रांताबरोबर खानदेश, मध्य भारत, बार्शी-नगर आणि हैदराबाद संस्थानातला गावरानी कापूसही मोजला जाऊ लागला. 'ऊमरा' शब्द असलेले रकाने गोळा करून त्यांना वऱ्हाडचे पीक म्हणणारा माणूस वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या नावावर खानदेशाचे बोंड टाकतो.

एवढे धोके असतील तर नावांच्या नादी लागूच नये, रकान्याचा अनुक्रम सांगावा, असा आक्षेप येईल. पण २००१च्या सारांशात सीमांतिक, म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी, काम करणाऱ्यांचा एकच गट होता. २०११ मध्ये त्यांची तीन ते सहा महिने आणि तीन महिन्यांपेक्षा कमी अशी फोड करून ३० नवे रकाने घातले गेले, आणि काम न करणाऱ्यांचे रकाने तेवढे पुढे सरकले. अनुक्रमावर विसंबलेला जुना हिशेब तिथे चुकीच्या माणसांना उचलतो, आणि तक्रारही करत नाही. नावाने निवडणाऱ्याचा हिशेब तगतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जिल्ह्याला सांकेतिक क्रमांक असतोच, मग तो वापरा. परंतु अमरावतीचा क्रमांक २००१ मध्ये ०७ आणि २०११ मध्ये ५०३. अकोल्याचा ०५ आणि नंतर ५०१. क्रमांकालाही देणारा असतो आणि तोही बदलतो. शिवाय ५०३ वाचून कुणाला शंका येत नाही, 'ऊमरा' वाचून निदान येऊ शकते. म्हणून माझा कौल नावाच्या बाजूने आहे, मात्र जोडीला दोन गोष्टी हव्यात. ढाच्याने उचललेल्या नावांची यादी बेरजेआधी डोळ्यांखालून गेली पाहिजे. आणि वऱ्हाडपुरते बोलायचे तर, जुळणी जिल्ह्याच्या नावावर न करता तालुक्याच्या नावावर झाली पाहिजे. १९०१ मध्ये वऱ्हाडचे २२ तालुके होते. त्यांपैकी दर्यापूर, मोर्शी, बाळापूर, मेहकर, दारव्हा यांच्यासारखी नावे आजही तालुक्यांचीच आहेत. पुढे काही तालुक्यांचेही तुकडे पडले, त्यांची नोंद ठेवावी लागेल. पण जिल्ह्यांची मोडतोड ज्या तुकड्यांनी झाली ते तुकडे तालुकेच होते, आणि १९०१चे अकोला आजच्या नकाशावर पुन्हा जुळवायचे तर अकोला, अकोट, बाळापूर, खामगाव आणि जळगाव ही पाच नावेच, त्यांच्या पुढे पडलेल्या तुकड्यांसह, हाताशी घ्यावी लागतात.