काळी बुरशी खरे तर काळी नसतेच

मे २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ हे नाव घराघरांत पोहोचले. कोरोनाबरोबर आलेला हा नवाच आजार आहे, असा अनेकांचा समज झाला. आजही रुग्ण मला तसे विचारतात. प्रत्यक्षात म्युकरमायकोसिसचे वर्णन आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८५ मध्येच करून ठेवले होते. आणि ही बुरशी काळी नसतेच! ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि मेलेला भाग काळा पडतो. शिळ्या पावावर वाढणाऱ्या बुरशीच्याच कुळातली ही. तिचे कण आपल्या सर्वांच्या श्वासातून रोज आत जातात, पण निरोगी शरीर त्यांना दाद देत नाही.

मग ती कोणाला गाठते? १९४३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांनाही मधुमेह होता आणि संसर्ग मेंदूपर्यंत गेला होता. नाकाशेजारच्या सायनसमधून डोळ्याकडे आणि तिथून मेंदूकडे, ही तिची ठरलेली वाट. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचले की पांढऱ्या पेशी मंदावतात. शिवाय रक्तातले लोह मोकळे होते, आणि लोह हे या बुरशीचे आवडते खाद्य.

औषध १९५० च्या दशकात मिळाले: व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून बनलेले अँफोटेरिसिन-बी. गुणकारी, पण मूत्रपिंडांना जाच करणारे. पुढे त्याचा लायपोसोमल प्रकार आला. तो सौम्य आहे, पण महाग. २०२१ मध्ये नातेवाईक वणवण फिरत होते ते त्याच्याच इंजेक्शनांसाठी. तरीही नुसत्या औषधाने सहसा भागत नाही, मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. कित्येकांचा जबडा गेला, डोळा गेला.

आता स्टेरॉइडविषयी, कारण सगळा दोष त्यांच्यावर टाकला जातो. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की व्हेंटिलेटरवरील रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. पण तीच गोळी आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांतून साध्या तापालाही घेतली गेली, जास्त मात्रेत, जास्त दिवस. स्टेरॉइडने साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती घटते. त्यात कोरोनाही साखर वाढवतो, आणि आपल्या देशात मधुमेह असल्याचे माहीतच नसलेले लोक भरपूर.

मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले. म्हणून तो माणसापासून माणसाला होतो असे मात्र नव्हे. या रुग्णाची सेवा घरच्यांनी निर्धास्तपणे करावी.

कोरोना ओसरला, तरी हा आजार गेलेला नाही. मधुमेह असलेल्याच्या गालावर एकाच बाजूला सूज किंवा बधिरपणा आला, नाकातून काळपट स्राव आला, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले किंवा वरचे दात अचानक हलू लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. जाताना ग्लुकोमीटरवरचा आकडा लिहून न्या आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत ठेवा.