कुणीच न लिहिलेला क्लास

"ताई, इंटरफेस तर समोर दिसतोय, मग बीन सापडत नाही असं का म्हणतोय हा?"

दर पावसाळ्यात टीममध्ये नवी मुलं येतात आणि त्यांतलं कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहतं. स्प्रिंग बूटचा सर्व्हर सुरू होता होताच बंद पडलेला असतो. अमुक प्रकारचं बीन, म्हणजे स्प्रिंगनं सांभाळायची वस्तू, हवं होतं, मिळालं नाही, आणि खाली सल्ला: तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये असं बीन घालण्याचा विचार करा. मुलं सल्ला मनावर घेतात. इंटरफेसच्या डोक्यावर 'कंपोनंट' लावून बघतात, काही जण क्लासच लिहायला बसतात. अख्खी दुपार जाते.

उत्तर एका ओळीचं आहे. मी मात्र आधी विचारते, "हा क्लास लिहायचा कुणी?"

हा प्रश्न जावाहून जुना आहे. 1984 साली झेरॉक्स पार्कच्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या यंत्रावरच्या प्रोसिजरला घरच्यासारखी हाक कशी मारावी, यावर निबंध लिहिला. मधल्या दुभाष्याला ते 'स्टब' म्हणत, आणि मेसा भाषेतल्या इंटरफेसवरून तो तयार करायला त्यांच्याकडे ल्युपिन नावाचा प्रोग्रॅम होता. म्हणजे तेव्हाही स्टब माणूस लिहीत नव्हता. 1997च्या जेडीके 1.1मध्ये आरएमआय, म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टला हाक मारायची जावाची सोय, आली तेव्हा तेच काम 'आरएमआयसी' करू लागलं.

मी 2006 साली हिंजवडीत कामाला लागले, तेव्हा आम्ही अपाचे ॲक्सिसच्या साधनाला सर्व्हिसचं वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल फाइल द्यायचो आणि ते जावाच्या फाइलींचा ढीग ओतायचं. तो कोड वाचवत नसे. पण स्टब डिस्कवर असायचा. उघडता यायचा, त्यात ब्रेकपॉइंट लावता यायचा. फाइल राहून गेली तर कंपायलरच ओरडायचा.

ती फाइल नाहीशी होण्याची तयारी आधीच झाली होती. 2000 सालच्या जेडीके 1.3मध्ये 'प्रॉक्सी' आला: इंटरफेस द्या, प्रोग्रॅम चालू असतानाच त्याला उत्तर देणारा क्लास मेमरीत तयार होतो. मला हा जावाच्या इतिहासातला सर्वांत कमी गौरवला गेलेला टप्पा वाटतो. मार्च 2004मध्ये स्प्रिंग 1.0 आलं, त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलर यांनी, क्लासला लागणाऱ्या वस्तू बाहेरून पुरवण्याच्या पद्धतीसाठी, 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव रूढ केलं होतं. तेव्हा दूरच्या सर्व्हिसला हाक मारणाऱ्या प्रत्येक क्लायंटची नोंद एक्सएमएलमध्ये हातानं करावी लागे. कंटाळवाणं काम, पण एरर आली की नोंद राहून गेली हे लगेच कळायचं.

2007मध्ये स्प्रिंग 2.5नं 'ऑटोवायर्ड' दिलं आणि पॅकेजं धुंडाळून क्लास गोळा करणारं स्कॅनिंगही. हे स्कॅनिंग प्रत्यक्ष क्लास शोधतं. नुसता इंटरफेस दिसला तर पुढे जातं. म्हणून त्यावर 'कंपोनंट' लावून काही होत नाही. 2013मध्ये नेटफ्लिक्समध्ये एड्रियन कोल यांनी स्क्वेअरच्या रेट्रोफिटवरून स्फूर्ती घेऊन, इंटरफेसवरून एचटीटीपी क्लायंट बनवणारं फेन घडवलं आणि 2015च्या स्प्रिंग क्लाउडनं ते आत घेतलं. फेनचे इंटरफेस शोधायला वेगळा शोधक लागतो. 'एनेबल फेन क्लायंट्स' लिहिलं तरच तो कामाला लागतो, आणि तेही ज्या क्लासवर ते लिहिलं त्याच्या पॅकेजात आणि त्याखालीच. क्लायंट सामायिक जारमध्ये, शेजारच्या पॅकेजात असतील तर त्याला दिसतच नाहीत. तेव्हा 'बेस पॅकेजेस' सांगायचं. हीच ती एक ओळ.

एकदा मात्र ती ओळ जागेवर होती. आम्ही स्प्रिंग क्लाउडच्या फिंचली आवृत्तीवर जात होतो. 2018च्या त्या आवृत्तीत फेनच्या ॲनोटेशनचं पॅकेज 'नेटफ्लिक्स' सोडून 'ओपनफेन'कडे गेलं. आमचा सामायिक जार जुन्यावरच कंपाइल झालेला होता. चालू प्रोग्रॅममध्ये ॲनोटेशनचा क्लास मिळाला नाही तर जावा चकार शब्द काढत नाही, आणि नवा शोधक जुन्या नावाकडे ढुंकून पाहत नाही. दोन दिवस मी त्या ओळीकडे बघत होते. शेवटी जार उलगडून इम्पोर्ट वाचले, तेव्हा उमगलं.

नोव्हेंबर 2022च्या स्प्रिंग 6मध्ये 'एचटीटीपी एक्स्चेंज' आलं. इंटरफेस तसाच, पण प्रॉक्सी मागण्याची मेथड तुम्ही स्वतः लिहायची. एक्सएमएलच्या दिवसांतली हाताची नोंद जावाच्या वेषात परत आली. पुढे तीही टाळायची सोय निघाली. आमच्या नव्या सर्व्हिसमध्ये सहा क्लायंट आहेत. मी मुलांना सहाही मेथडी हातानं लिहायला लावल्या, आणि मग प्रत्येक क्लायंटच्या क्लासचं नाव लॉगमध्ये छापायला सांगितलं. डॉलरचं चिन्ह, 'प्रॉक्सी' आणि पुढे एक आकडा. ते नाव प्रोजेक्टमध्ये शोधायला दोघं लगेच धावले.