ॲनिमेच्या पहिल्या भागाची कुळकथा

टोकियोत रात्रीचा एक वाजतो तेव्हा छत्रपती संभाजीनगरात साडेनऊ झालेले असतात. जपानी दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात ही वेळ '२५:००' अशी छापतात, कारण त्यांच्या हिशेबाने आदल्या दिवसाचे कार्यक्रम अजून संपलेले नसतात. तिकडे बहुतेक शहर झोपलेले असते. इकडे त्याच सुमारास टी. व्ही. सेंटरपासून गारखेड्यापर्यंत जेवणे उरकलेली मुले मोबाईलवर एखाद्या नव्या ॲनिमे मालिकेचा पहिला भाग लावतात. भाग संपतो आणि मते फिरू लागतात: 'भारी', 'बघू अजून', 'ड्रॉप'. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, असा हा उत्साह वर्षातून चार वेळा येतो.

हेच चार महिने का, मालिका बारा-तेरा भागांचीच का, आणि सगळा निकाल पहिल्या भागावर का लागतो, या प्रश्नांच्या मागे साठ वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला की पहिल्या भागाविषयीचे आपले मत जास्त न्यायाचे होते, असे मला मनापासून वाटते.

या कुळाचा मूळपुरुष एक रोबो मुलगा आहे. १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टेलिव्हिजनवर 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका सुरू झाली. जग तिला 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखते. निर्माते होते व्यंगचित्रकथांचे थोर चित्रकार ओसामु तेझुका आणि त्यांची मुशी प्रॉडक्शन ही संस्था. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे चलच्चित्र द्यायचे, हा त्यांचा संकल्प. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढायचे म्हटले तर आठवडा कुठल्या कुठे संपून जाईल. तेझुकांच्या माणसांनी एकेक चित्र तीन-तीन चौकटींना पुरवले; म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले. एकदा काढलेले उड्डाण किंवा धावणे जपून ठेवले आणि पुढच्या भागांत पुन्हा वापरले. पैसा उभा राहिला तो मेइजी या मिठाई कंपनीच्या पाठबळावर आणि आतोमुच्या चित्रांच्या वस्तू विकून. १९६६ च्या अखेरपर्यंत १९३ भाग झाले. आठवड्याला एक भाग, अर्ध्या तासाची जागा आणि मालिकेच्या पाठीशी मालाची विक्री, ही चौकट तेव्हा घातली गेली ती आजतागायत टिकली आहे.

चार हंगामांचे गणित साधे आहे. वर्षाचे आठवडे बावन्न. त्याचे चार भाग केले की प्रत्येकी तेरा. या तेरा आठवड्यांच्या तुकड्याला जपानी वाहिन्यांत 'कूरु' म्हणतात. जपानात शाळा आणि आर्थिक वर्ष दोन्ही एप्रिलमध्ये सुरू होतात. वाहिन्यांच्या वेळापत्रकाची मोठी फेरमांडणीही एप्रिलमध्ये आणि मग सहा महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये होते; जानेवारी आणि जुलै हे मधले टप्पे. सुरुवातीच्या काळात पुष्कळ मालिका चारही कूरु, म्हणजे पूर्ण वर्षभर चालत. १९७४ ची 'हायडी' जानेवारीत सुरू झाली आणि डिसेंबरात बावन्नाव्या भागाला संपली.

अशीच एक बावन्न भागांची मालिका मराठी घरांना पाठ आहे. निप्पॉन ॲनिमेशनची 'जंगल बुक' जपानात १९८९-९० मध्ये दाखवली गेली आणि १९९३ मध्ये हिंदीतून दूरदर्शनवर आली. गुलजार यांचे शीर्षकगीत आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज. त्या काळच्या औरंगाबादेत रविवारी सकाळी मोगलीपुढे बसलेल्या मुलांना आपण जपानी मालिका पाहतो आहोत याचा पत्ताही नव्हता, आणि जपानी प्रेक्षकांच्या तीन वर्षे मागे असल्याचे काही वाटतही नव्हते. पुढे २०१२ च्या डिसेंबरात 'सूरज : द रायझिंग स्टार' आली. बेसबॉलवरच्या 'क्योजिन नो होशी' या जुन्या जपानी कथेला क्रिकेटचा पोशाख चढवून ती मुंबईतल्या गरीब वस्तीतल्या मुलाची केली होती. तिचे भाग सव्वीस, म्हणजे नेमके दोन कूरु. मुंबईचा नायक झाला तरी हिशेब टोकियोचाच राहिला.

आता पहिल्या मताच्या न्यायाकडे येऊ. ऑक्टोबर १९७४ मध्ये 'अंतराळ युद्धनौका यामातो' सुरू झाली. रविवारी संध्याकाळी साडेसातला, थेट 'हायडी'समोर. प्रेक्षकसंख्या इतकी कमी भरली की एकोणचाळीस भागांची योजना सव्वीसवर आटोपली. एप्रिल १९७९ मध्ये 'मोबाइल सूट गंडम' आली. तिचे बावन्न भाग ठरले होते. त्रेचाळिसाव्या भागाला पडदा पडला. मग पुनःप्रसारणे झाली, चित्रपट निघाले, गंडमच्या जुळणीच्या प्लास्टिक प्रतिकृतींवर मुलांच्या उड्या पडल्या, आणि ज्यांना सुरुवातीला प्रेक्षक मिळाला नाही त्याच दोन मालिका पुढच्या पिढ्यांच्या ॲनिमेचा पाया ठरल्या. पहिल्या पसंतीवर सगळे सोडले असते तर जपानी ॲनिमेने आपली दोन दैवते गमावली असती. या कुळकथेतला सर्वांत मोलाचा धडा मी हाच मानतो.

मालिका आखूड कशा झाल्या, याचे उत्तर मध्यरात्रीत आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये टीव्ही टोकियो या वाहिनीवर 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' आली तेव्हा तिची वेळ संध्याकाळी साडेसहाची होती. भाग सव्वीस. १९९७ मध्ये ती मध्यरात्री पुन्हा दाखवली, तेव्हाही प्रेक्षक जागे राहिले. मोठ्या वयाचा, खर्च करणारा प्रेक्षक रात्री उशिरा भेटतो, हे वाहिन्यांच्या ध्यानात आले. रात्रीची वेळ स्वस्त असते. प्रकाशक, ध्वनिमुद्रण कंपन्या, खेळणीवाले एकत्र येऊन निर्मिती समिती करतात, ती वेळ विकत घेतात आणि मालिका दाखवतात. पैसे वसूल व्हायचे ते मुख्यतः डिस्कच्या विक्रीतून. अशा धंद्यात बावन्न भागांची जोखीम कोण घेणार? एक कूरु, म्हणजे बारा-तेरा भाग काढायचे आणि चालले तर पुढचा हंगाम. त्यामुळे दर तीन महिन्यांनी डझनावारी मालिका एकदम येऊ लागल्या. सगळ्या पाहणे कुणाच्याच आवाक्यात नव्हते. निवड करणे भाग पडले आणि निवडीचा भार पहिल्या भागावर आला.

निर्मातेही हे ओळखून होते. एप्रिल २००६ मध्ये 'सुझुमिया हारुही'ने पहिल्या भागात शाळकरी मुलांनी हौसेने काढलेला, मुद्दाम कच्चा ठेवलेला चित्रपट दाखवला. हलता कॅमेरा, अडखळता अभिनय. नव्या प्रेक्षकाला काहीच कळू नये, इतके धाडस. जानेवारी २०११ मध्ये 'माहो शोजो मादोका मागिका' आली. पहिले दोन भाग गोड पोशाखातल्या जादूगार मुलींचे, आणि तिसऱ्या भागात कथेने असे वळण घेतले की आधी पाहिलेल्या सगळ्याचा अर्थ पालटला. ते वळण इथे सांगत नाही. ज्याने पाहिलेले नाही त्याचा तो हक्क आहे. निकाल द्यायचा तो तीन भाग पाहून, हा रसिकांमधला दंडक सांगताना आजही सर्वांत आधी दाखला दिला जातो तो याच मालिकेचा.

अलीकडे निर्मात्यांनी पहिला भागच रुंद केला. एप्रिल २०२३ मध्ये 'ओशि नो को'चा पहिला भाग दीड तासाच्या जागेत दाखवला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग एका रात्रीत, दोन तासांच्या खास कार्यक्रमात आले. संथ कथेला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि प्रेक्षकाला मत बनवायला पुरेसा ऐवज. उलट १९९९ पासून जवळपास अखंड चाललेल्या 'वन पीस'नेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त सव्वीस भाग करण्याचे जाहीर केले. जुना, वर्षभर चालणारा वंशही अखेर हंगामांच्या शिस्तीत आला.

आपल्याकडे हा प्रवाह पोचायला वेळ लागला. २००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी आली. हंगामा टीव्हीवर २००५ मध्ये 'डोरेमॉन' आणि २००६ मध्ये 'शिनचॅन' आले. यांतले बरेचसे जपानात आधीच शिळे झालेले होते. क्रंचीरोल या ऑनलाइन सेवेने जानेवारी २००९ मध्ये 'नारुतो शिप्पुदेन'चे नवे भाग जपानी प्रसारणापाठोपाठ अधिकृतपणे दाखवायला सुरुवात केली आणि वर्षांचे अंतर तासांवर आले. २०२२ मध्ये त्यांनी भारतातली मासिक वर्गणी ७९ रुपयांपर्यंत खाली आणली, हिंदी आवाजही दिले. २०१९ च्या ऑक्टोबरात 'वेदरिंग विथ यू' हा ॲनिमे चित्रपट भारतीय चित्रपटगृहांत लागला तो चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढल्यावर. मोगलीच्या वेळी प्रेक्षक तीन वर्षे थांबला होता. आजचा प्रेक्षक टोकियोच्या त्याच हंगामात बसला आहे.

म्हणूनच पहिला भाग कसा पाहावा, हे शिकून घेणे अगत्याचे आहे. पहिल्या भागावर सर्वाधिक मेहनत घेतलेली असते. पुष्कळदा मुख्य दिग्दर्शक त्याचा चित्रआराखडा, म्हणजे 'एकोंते', स्वतः काढतो. मधले भाग बाहेरच्या संस्थांकडे जातात तेव्हा दर्जा घसरू शकतो. त्यामुळे पहिल्या भागातल्या झगमगीत मारामारीवरून पुढचे अनुमान बांधू नये. शेवटची नामावली ओलांडून पुढे जाऊ नका. दिग्दर्शक, कथारचनाकार आणि संगीतकार यांची नावे वाचा, त्यांचे आधीचे काम आठवा. कथा मंगातून, म्हणजे जपानी चित्रकथेतून, आली आहे की नव्याने लिहिली आहे, ते पाहा. माणसे नुसती उभी असताना, जेवताना, चालताना कशी दिसतात ते बघा, कारण कस तिथे लागतो. पार्श्वचित्रांत उजेडाचा विचार आहे का, शांततेला वाव आहे का, हेही तपासा. मग दुसरा आणि तिसरा भाग पाहा आणि निकाल द्या.

भाषेचाही प्रश्न आहे. उपशीर्षकात जपानी बोलण्यातल्या आदराच्या पायऱ्या निम्म्या गळून पडतात. त्या मराठी कानाला चटकन कळल्या असत्या, कारण तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक आपण रोज जगतो. छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाडीवाट हे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने परकीय भाषा निवडायला सांगितली तेव्हा रोबो आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली, आणि २०२० मध्ये ही बातमी देशभर पोचली. १९६३ च्या रोबो मुलाचे नाते असे मराठवाड्याच्या एका खेड्यापर्यंत येऊन भिडते, याचा मला अतिशय आनंद वाटतो.

हंगामाची वाट पाहणे, नवे आले की एकमेकांना विचारणे, तावून सुलाखून निवडणे, हे मराठी वाचकाला परके नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाल्यापासून आपण दर शरदात हेच करत आलो आहोत, आणि त्या अंकांवर लिहिण्याची परंपराही आपल्याकडे आहे. ॲनिमेवरची मते मात्र आपली मुले बहुतेक इंग्रजीत मांडतात. माझे त्यांना आग्रहाचे सांगणे आहे: पुढच्या हंगामात एखादी मालिका निवडा, तिचे तीन भाग नीट पाहा, आणि ती का आवडली किंवा का सोडली हे मराठीत, कारणे देऊन, एक पानभर लिहा. शाळेच्या हस्तलिखितात लिहा, महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहा. चांगला समीक्षक असाच, एकेका पहिल्या भागापासून घडतो.