१२७ दात्यांचे चाक : इंच आणि मिलिमीटर यांचा समेट

१/ इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे पाडण्याचा लेथ सिद्ध केला. तोवर नट-बोल्टची जोडी बहुधा एकमेकांपुरतीच जुळत असे. हरवलेल्या नटाच्या जागी दुसरा बसेलच याची शाश्वती नव्हती.

२/ मॉडस्लेच्या लेथवर गिअर बदलता येत. काम एकदा फिरले की लीडस्क्रू किती फिरेल आणि हत्यार किती सरकेल, हे दात्यांच्या प्रमाणावर ठरे.

३/ त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाणीकरण मांडले. पण ते इंचात. फ्रान्स मात्र मीटरचा पुरस्कर्ता होता.

४/ मग इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे कसे पाडावेत? २५.४ म्हणजे १२७ भागिले ५, आणि १२७ ही मूळ संख्या. म्हणून अचूक प्रमाणासाठी १२७ दात्यांचे चाक लागते. लीडस्क्रूला इंचात ८ आटे असतील, तर ४० दात्यांच्या चाकाने १२७ चे चाक फिरवावे. पिच नेमकी १ मिलिमीटर मिळते.

५/ तथापि इंचच सर्वत्र एक नव्हता. अमेरिकी इंच २५.४ मिलिमीटरहून किंचित मोठा, ब्रिटिश इंच किंचित लहान. ब्रिटिश उद्योगाने १९३० मध्ये, अमेरिकी उद्योगाने १९३३ मध्ये २५.४ स्वीकारले. १९५९ मध्ये सहा इंग्रजीभाषक देशांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

६/ लेथवरचे ते चाक तेव्हा बदलले नाही. बदलली ती इंचाची व्याख्या. व्यवहारात पुरेसे असलेले प्रमाण त्या कराराने व्याख्येनेच अचूक ठरले.