बोअर युद्धकैद्यांची लाकडी स्मृतिचिन्हे

दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश आणि बोअर, म्हणजे प्रामुख्याने डच वंशाचे शेतकरी, यांच्यात युद्ध झाले. फेब्रुवारी १९०० मध्ये पार्डेबर्ग येथे जनरल क्रोन्ये सुमारे ४,००० सैनिकांसह शरण आले. एवढे कैदी ठेवायचे कोठे, या विवंचनेतून ब्रिटिशांनी त्यांना समुद्रापार धाडले. सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा व हिंदुस्थान येथे छावण्या उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्रात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि सातारा येथे हे कैदी होते.

हाताला काम नसणे ही बंदिवासातील मोठी शिक्षा. शेतीची अवजारे स्वतः दुरुस्त करणाऱ्या या माणसांनी चाकू हाती घेतला. लाकडाच्या तुकड्यांतून त्यांनी पेट्या, काठ्या, चिलमी, तसबिरींच्या चौकटी व खेळणी घडविली. बर्म्युडात तेथील सुगंधी सिडारचे लाकूड वापरले जाई. काही वस्तू विकून चार पैसे मिळत. काही घरच्यांसाठी जपून ठेवल्या जात. अनेक वस्तूंवर नाव, छावणी, वर्ष आणि ‘युद्धकैदी’ या अर्थाचा डच शब्द कोरलेला आढळतो.

परंतु ज्यांच्यासाठी ही भेट होती, त्यांपैकी कित्येक ती पाहायला उरले नाहीत. ब्रिटिशांनी शेतवाड्या जाळून बोअर स्त्रिया व मुले छावण्यांत डांबली. तेथे सुमारे २६,००० जण रोगराईने व हालअपेष्टांनी दगावले. त्यांत बहुसंख्य मुले होती. वेगळ्या छावण्यांत ठेवलेले हजारो कृष्णवर्णीय आफ्रिकनही मृत्यू पावले. मे १९०२ मध्ये तह झाल्यावर कैदी परतू लागले, तेव्हा अनेकांची घरे ओस पडली होती.

जे वाचले, त्यांच्या कुटुंबांनी या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. ब्लूमफाँटेन येथे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसंग्रहालयातही अशा वस्तू जतन केल्या आहेत.

अशा वस्तूचे मोल लाकडात नसून ती कोणी, कोठे व कोणासाठी घडविली या माहितीत असते. ती माहिती सांगणारे माणूस गेले, की उरते ती केवळ जुनी पेटी. म्हणून कोरीव अक्षरे घासून पुसू नयेत, वर नवे पॉलिश चढवू नये, आणि ऐकलेली हकिकत कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवावी. आपल्या घरी पूर्वजांच्या हातची एखादी वस्तू असल्यास, घरातील वडीलधाऱ्यांना आजच तिच्याविषयी विचारावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.